पावसाळ्यानंतर जाम होणारी मोटर

प्रश्न : जूनअखेर कूलरची मोटर काढून, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवतो. तरी मार्चमध्ये ती जामच निघते, स्विच लावला की नुसती गुरगुरते. फटीतून गंज सोडवणारा स्प्रे मारला की महिनाभर चालते, मग परत तेच. काय करावं?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : घोळ पिशवीचाच आहे. जूनअखेर आपल्याकडची हवा दमट झालेली असते आणि तीच तुम्ही मोटरसोबत कोंडून ठेवता. लोखंड गार झालं की त्या हवेतलं पाणी आत सुटतं. रोटर (आतला फिरणारा भाग) आणि स्टेटर (त्याभोवतीचा स्थिर, तारा गुंडाळलेला भाग) यांच्यामधली फट अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून पातळ थरानेसुद्धा रोटर अडकतो.

गुरगुर ऐकू आली की लगेच स्विच बंद करा. अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, काही मिनिटांत जळतं.

प्लग काढा, वीज साठवून ठेवणाऱ्या कॅपेसिटरच्या दोन्ही टोकांना बल्ब जोडून तो डिस्चार्ज (रिकामा) करा. दोन्ही झाकणांवर आणि बॉडीवर खूण करून मगच मोटर उघडा. रोटरवरचा गंज ४०० नंबरचा पॉलिश पेपर थोड्या तेलात भिजवून काढा. स्टेटरला मात्र कानस अजिबात लावू नका, तिथे नायलॉनचा ब्रश पुरे. स्टेटरच्या पत्र्या एकमेकींपासून इन्सुलेट केलेल्या असतात. घासल्याने त्यांच्या कडा एकमेकींत मिसळल्या, की मोटर कायमची गरम चालते. ही चूक दुकानातही सर्रास होते. वाइंडिंग थिनरने पुसू नका, तारेवरचं इनॅमल मऊ पडतं.

भुकटी उडवून स्टेटर खोक्यात १०० वॉटच्या पिवळ्या बल्बशेजारी सहा-आठ तास ठेवा. हात जेमतेम टेकवता येईल इतकीच ऊब हवी. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजायच्या यंत्राने) वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध पाहा. १ मेगओहमच्या खाली असेल तर मोटर लावूच नका, ५ च्या वर जाईपर्यंत सुकवत राहा. मग हवेत वाळणाऱ्या इन्सुलेटिंग वार्निशचा एक पातळ हात वाइंडिंगवर द्या. स्टेटरच्या आतल्या गोलाईत आणि रोटरवर वार्निशचा फडका फिरवला तरी पुरे. जाड थर दिलात तर फट पुन्हा बुजेल. शाफ्टवर बेअरिंग बसतं ती जागा कोरी ठेवा.

स्प्रेचा गुण महिनाभरच का टिकतो? तो गंज सैल करतो, पण बेअरिंगमधलं ग्रीसही पातळ करून वाहून नेतो. फिरवताना बेअरिंग खरखरत असेल तर बदला. जुन्यावर ६२०१ किंवा ६२०२ असा नंबर असतो. सियागंजच्या बाजारात त्याच नंबरचं, पण दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं मागा. पत्र्याच्या शील्डवाल्यात कूलरचे तुषार शिरतात. बुशची (बॉल बेअरिंगऐवजी धातूची साधी नळी असलेली) मोटर असेल तर बुशजवळच्या तेल धरणाऱ्या फेल्टमध्ये मशीन ऑइलचे चार-पाच थेंब पुरेत.

यंदा मोटर ठेवण्याआधी कूलरचं पाणी काढून टाकून पंखा तासभर कोरडा चालवा. मोटरवर सुती कापड टाका, खालची बाजू उघडी राहू द्या. पाणी निथळायचं भोक रंगाने बुजलं असेल तर मोकळं करा. दर पंधरा दिवसांनी शाफ्ट हाताने चार वेढे फिरवा.

प्रश्न : महिनाभर पुण्याला जाऊन आलो की अर्ध्या एचपीचा बोअरिंगच्या पाण्याचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) पंप अडकलेला असतो. दर वेळी मिस्त्री बोलवावा लागतो.
– लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : इथे बहुधा मोटर नाही, पंप अडकतो. बिडाच्या केसिंगमध्ये पितळी इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र) बसवलेला असतो. पाणी साचून राहिलं की पितळेशेजारचं बीड लवकर गंजतं, वर बोअरिंगच्या जड पाण्याचा क्षारही बसतो. जाण्याआधी केसिंगचा खालचा प्लग काढून पाणी सोडून द्या. अडकलाच तर विजेचा प्लग काढून, मागचं पंख्याचं झाकण उघडून शाफ्टच्या टोकाला असलेल्या खाचेत मोठा स्क्रू-ड्रायव्हर घाला आणि दोन्ही बाजूंना हलकेच हलवा. सुटल्यावर पंपात पाणी भरूनच चालू करा, कोरडं चालवल्यास शाफ्टभोवती पाणी अडवणारं सील जळतं. शाफ्टजवळून पाणी टपकत असेल तर सील आधी बदला. तेच पाणी पुढे मोटरच्या बेअरिंगमध्ये जातं.

प्रश्न : गंज काढायचं ॲसिडवालं द्रावण मोटरला चालेल का?

उत्तर : बाहेरच्या बॉडीला आणि स्टँडला चालेल, नंतर नीट धुऊन, वाळवून प्राइमर लावा. उघड्या मोटरजवळ ती बाटली नेऊच नका.