पुढची ठासणीची रायफल कोणती बनवू, आणि बोनस कुठे घालू?

नमस्कार,

तुमचं पत्र सविस्तर आहे, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहता, आयटीत नोकरी करता, वय ४७, पगार १,१०,००० डॉलर. मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू नि गोळी ठासून भरायच्या, दोन रायफली तुम्ही किटवरून स्वतः जोडल्या आहेत. यंदा कर कापून ६,००० डॉलर बोनस हाती आलाय आणि तिसरी रायफल कोणती यावर गाडी अडली आहे. सेंट लुईसच्या हॉकन बंधूंच्या धर्तीची केपाची (घोड्याखालच्या स्फोटक टोपीने पेटणारी), मशीनवर तंतोतंत कापून येणाऱ्या भागांच्या किटची चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी), की मेपलच्या फळीपासून स्वतः कोरलेली लँकेस्टर पद्धतीची लांब चकमकीची? तुमच्या हिशोबाने खर्च अनुक्रमे ९००, १,५०० आणि १,४०० डॉलर. घरातून विचारणा होते, "दोन असताना तिसरी कशाला?" त्यावर तुमचं उत्तर असं की ही विकून चौथीचा खर्च निघेल.

हे उत्तर घरी देणं आधी थांबवा. हौशी माणसाने जोडलेल्या रायफलीला बाजारात साधारण सुट्या भागांची किंमत आली तरी नशीब म्हणायचं, तुमच्या हातांच्या तासांचे पैसे कोणी देत नाही. ज्यांच्या सहीला किंमत आहे त्यांनी त्यासाठी उभं आयुष्य घातलेलं असतं. शिवाय अमेरिकेत छंदातून आलेलं उत्पन्न करपत्रकात दाखवावं लागतं, पण २०१८ पासून छंदाचा खर्च त्यातून वजा होत नाही. विकलेल्या वस्तूत प्रत्यक्ष गेलेलं साहित्य तेवढं धरता येतं. अवजारं, वर्गाची फी, पेट्रोल हे सगळं तुमच्या खिशातून. म्हणून ही रायफल आनंदासाठी केलेला खर्च म्हणूनच मांडा. तुमच्या मिळकतीत तो बसतो, त्याला गुंतवणुकीचा मुलामा द्यायची गरज नाही.

मला पत्रात खटकलं ते वेगळंच, आणि तुम्ही ते एका ओळीत उरकलंय. क्रेडिट कार्डावर २,३०० डॉलर थकले आहेत, व्याज २२ टक्के. म्हणजे वर्षाला ५०० डॉलरच्या वर नुसतं व्याज, ज्यात चकमकीचं उत्तम लॉक, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, येऊन वर पैसे उरतील. त्याहून मोठी गोष्ट ४०१(के)ची, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्याची. तुमची कंपनी पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत तुमच्याइतकीच रक्कम भरते आणि तुम्ही ४ टक्क्यांवर थांबला आहात. उरलेले २ टक्के म्हणजे वर्षाचे २,२०० डॉलर. तिन्ही पर्यायांतल्या सगळ्यात महाग रायफलीपेक्षा मोठी रक्कम तुम्ही दर वर्षी कंपनीकडे सोडून येता. घरातला वाद रायफलीवर होतोय, गळती मात्र इथे आहे. या आठवड्यात एचआरच्या पोर्टलवर जाऊन ६ टक्के करा. तुमच्या वाट्याचे महिन्याला १८३ डॉलर केंद्रीय आयकर लागायच्या आधी कापले जातील, त्यामुळे हातातला पगार त्याहून कमीच घटेल.

बोनसमधून आधी कार्ड पूर्ण फेडा. १,५०० डॉलर अडीअडचणीच्या खात्यात घाला, कारण तिथे तुमचा जेमतेम दोन महिन्यांचा खर्च आहे आणि तुमच्या क्षेत्रात नोकरकपात कधी दारात येईल सांगता येत नाही. राहिले २,२००. त्यातले १,९०० रायफल आणि लागणाऱ्या अवजारांसाठी, ३०० दारूगोळ्यासाठी. मुलीच्या कॉलेजसाठीच्या ५२९ बचत खात्यात तुम्ही दरमहा भरताच आहात. तो हप्ता चालू ठेवा, रायफलीसाठी त्याला हात लावू नका.

आता रायफल. तुम्ही लिहिलंय की येत्या वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या ख्रिसमसनंतरच्या हरणांच्या हंगामात उतरायचं आहे. हा हंगाम १९७४ पासून चकमकीच्या बंदुकांसाठी राखून ठेवलेला आहे, आणि नळीचा व्यास .४४ इंच किंवा त्याहून मोठा लागतो. म्हणजे केपाची हॉकन तिथे चालणार नाही. हॉकनचं आकर्षण मला समजतं. जेकब आणि सॅम्युअल या भावांनी रॉकी पर्वतात जाणाऱ्या शिकाऱ्यांसाठी घडवलेली ती जाड नळीची, दणकट रायफल आहे, आणि दस्त्याचं लाकूड नळीच्या अर्ध्यापर्यंतच असल्यामुळे लाकूडकामही कमी. पण ९०० डॉलरची हॉकन घेतलीत तर हंगामासाठी चकमकीची दुसरी घ्यावी लागेल, आणि सगळ्यात स्वस्त वाटलेला पर्याय सगळ्यात महाग पडेल. ती सध्या बाजूला ठेवा.

उरल्या दोन चकमकीच्या, आणि इथे तुमचा हिशोब अपुरा आहे. फळीवाली १,४०० ला म्हणजे किटपेक्षा स्वस्त, असं तुम्ही धरलंय. त्यात हत्यारं कुठे आहेत? आधीच्या दोन किटना कानस, पॉलिश पेपर आणि एखादी पटाशी पुरली असेल. फळीपासून सुरू करायचं तर चार-पाच मापांच्या चांगल्या पटाश्या, गोल कानशी आणि घट्ट धरणारा व्हाइस हवा. ते ४०० डॉलर धरलेत की १,८०० झाले. हत्यारं पुढच्या रायफलीलाही लागतील हे खरं, पण पैसे आजच जाणार आहेत.

तरीही माझं मत फळीकडे झुकतं. मशीनवर कापलेल्या किटचे भाग इतके नेमके येतात की तुमच्यासारख्या सरावलेल्या माणसाचं ते थोड्याच सुट्यांत जोडून होईल. बंदूक उत्तम होईल, पण पुढच्या वर्षी याच वेळी तुम्ही चौथीचं पत्र लिहीत असाल. फळीवाली रायफल अख्खा हिवाळा खाईल, कदाचित दोन. लँकेस्टरच्या जेकब डिकर्टसारख्या कारागिरांच्या परंपरेतल्या रायफलींवर दस्त्याच्या बाजूला पितळी पॅचबॉक्स (झाकणाचा छोटा कप्पा) असतो आणि त्याच्या टोकाला डेझीचं फूल कापलेलं असतं. ते फूल पितळेच्या साध्या पत्र्यातून बारीक करवतीने कापायचं, कानशीने पाकळ्या सोडवायच्या, मग लाकडात तेवढ्याच आकाराची खाच उतरवायची. पत्र्याला काही मोजके डॉलर, आणि काम कित्येक संध्याकाळचं. छंदावरचा खर्च मी असाच तोलते: एका डॉलरमागे मन रमवणारे तास किती मिळाले?

मात्र दोन ठिकाणी काटकसर करू नका. लांब रायफलीची नळी मागच्या टोकाशी जाड, मध्ये बारीक आणि तोंडाशी पुन्हा किंचित रुंद असते. तशी नळी अष्टकोनी कडांसकट लाकडात हाताने बसवणं, आणि तिच्या खाली गोळी ठासायच्या गजासाठी लांब, सरळ भोक पाडणं, ही दोन कामं पहिल्या खेपेला हमखास बिघडतात. ड्रिल जरा तिरका गेला की तो नळीच्या खाचेत तरी फुटतो किंवा लाकडाच्या बाहेर तरी, आणि फळी वाया. फळी विकणारे बरेच जण ही दोन्ही कामं मशीनवर करून देतात. ते पैसे आनंदाने द्या. नळी आणि लॉकही नावाजलेल्या कारागिराचंच घ्या. ठिणगी न पाडणारं लॉक गळ्यात पडलं तर सगळी मेहनत भिंतीवर टांगून ठेवायच्या लायकीची होते.

पैसे वाचवायचे ते लाकडात. दाट लाटांचा मेपल पाहिला की भान हरपतं, आणि साध्या फळीत नि त्यात तीन-चारशे डॉलरचा फरक सहज पडतो. पहिल्या कोरीवकामाला साधा, टणक मेपल घ्या. बघायचं ते एवढंच, की मुठीजवळ जिथे दस्ता सगळ्यात बारीक होतो तिथे लाकडाच्या रेषा लांबीला धरून सरळ वाहतात का. त्या आडव्या कापल्या गेल्या तर तिथेच मोडतो. रंगाची चिंता नको. नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवलेलं द्रावण लावून हीट गनने शेकलं की साध्या मेपललाही डोळ्यांदेखत लालसर तपकिरी तेज चढतं. कोरायला बसण्याआधी लँकेस्टरच्या लँडिस व्हॅली संग्रहालयात जाऊन जुन्या रायफली बघून या. तुम्हाला ते जवळ आहे.

दारूगोळ्याचे ३०० डॉलर पुरतात का, तेही पाहू. एका बाराला ७० ग्रेन दारू धरली तर एका पौंडात, म्हणजे ७,००० ग्रेनमध्ये, १०० बार होतात. रंजकाला, म्हणजे ठिणगी धरून आतला बार पेटवायला, थोडी वेगळी लागेल. चकमकीला खरी काळी दारूच हवी. केपाच्या बंदुकीत चालणाऱ्या बदली दारू उशिरा पेटतात, त्यांच्या नादी लागून पैसे घालवू नका. शिसं वितळवून गोळ्या घरी ओतता हे तुम्ही लिहिलंच आहे, तेव्हा या रकमेत मजेत वर्ष निघेल. ओतताना खिडक्या उघड्या ठेवा आणि स्वयंपाकाची भांडी वापरू नका.

शेवटी तुम्ही लिहिलेला नाशिकला परतायचा विचार. १९६८ च्या अमेरिकी केंद्रीय कायद्यानुसार काडतूस न चालणाऱ्या अशा प्रतिकृती 'फायरआर्म' मानल्या जात नाहीत, म्हणून तुम्हाला तिथे हा छंद सोपा जातो. राज्यांचे नियम वेगळे असतात, न्यू जर्सीत घर बदललं तरी आधी चौकशी करावी लागेल. भारतात ठासणीची बंदूकही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते. कोकणातले शेतकरी पिकांच्या राखणीसाठी ती बाळगतात, तीही परवान्यावर. घरच्या सामानातून रायफली नाशिकला येतील असं गृहीत धरू नका. परतायचं नक्की झालं की सहा-आठ महिने आधीच अमेरिकेतच ओळखीच्या शौकिनांना विकायला काढा. घाईत विकलं की भाव पडतो.

घराच्या विम्याचे कागदही काढून बघा. बऱ्याच पॉलिसींत बंदुकांच्या चोरीसाठी वेगळी मर्यादा असते, साधारण २,५०० डॉलरची. तिसरी आली की तुमचा साठा तिच्या वर जाईल, तेव्हा एजंटला विचारून रायफलींची स्वतंत्र नोंद करून घ्या, आणि कामाचे फोटो व पावत्या जपून ठेवा. फळीची मागणी नोंदवताना किती महिने थांबावं लागेल ते लेखी मागा. आगाऊ रक्कम बोनसमधूनच भरा, नुकत्याच रिकाम्या झालेल्या कार्डावर नको.