बिनपगारी कामाची शिस्त

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

आपल्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची चिटणीस म्हणून तुझी निवड झाली आणि रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्गही तुझ्याकडे आला, हे तुझ्या आईकडून कळले. ‘मावशी, तुम्ही आयुष्यभर हे कसे निभावले ते लिहून कळवा’ हा तुझा निरोपही पोचला. श्रद्धा, प्रेम, त्याग अशा शब्दांत उत्तर दिले तर ते खोटे ठरणार नाही, पण तुझ्या कामाला येणार नाही. श्रद्धा आटली म्हणून सेवा सोडणारी माणसे मी फारशी पाहिली नाहीत. गोंधळाला, कुजबुजीला आणि हिशोबाच्या कटकटीला कंटाळून सोडणारी मात्र पुष्कळ पाहिली. ज्या कामाला पगार नाही त्याला पगारी नोकरीपेक्षा कडक शिस्त लागते, कारण तेथे आपल्याला जाब विचारायला सहसा कुणी धजत नाही.

ज्या संताच्या नावाने तुमची सोसायटी चालते त्याच्या आयुष्यातच याचा दाखला आहे. 1617 साली फ्रान्समधील शातियों या गावी व्हिन्सेंट धर्मगुरू असताना एक गरीब कुटुंब आजारी पडले. त्याने प्रवचनात त्यांच्यासाठी मदत मागितली आणि अवघा गाव अन्न घेऊन त्या घराकडे निघाला. दुसरा एखादा धर्मगुरू लोकांचे औदार्य पाहून भारावला असता. व्हिन्सेंटच्या ध्यानात आले की आज एवढे अन्न आले की त्यातले बरेच नासणार आणि काही दिवसांनी हेच घर पुन्हा उपाशी राहणार. मग त्याने गावातील प्रापंचिक स्त्रियांनाच एकत्र करून पाळ्या लावून दिल्या, मंडळाची प्रमुख आणि खजिनदार नेमली, नियम लिहून काढले. आजाऱ्यापुढे जेवण कसे मांडावे, त्याच्याशी कसे बोलावे, हेसुद्धा त्या नियमांत आहे. पुढे 1833 साली पॅरिसमध्ये विशीतल्या फ्रेडरिक ओझानामने मित्रांसह तुमची सोसायटी सुरू केली, तेव्हा त्या विद्यार्थ्यांना गरिबांच्या घरी कसे जावे हे शिकवले ते सिस्टर रोझाली रांद्यू या धर्मभगिनीने. पुरुषांच्या नावावर जमा असलेल्या कामात बायकांचा हात किती असतो, हे जाता जाता लक्षात ठेव.

गृहभेटीला एकटी जाऊ नकोस. दोघींनी जाण्याचा प्रघात जुना आहे आणि शहाणपणाचा आहे. बसायला सांगतील तिथे बसावे, चहा दिला तर घ्यावा, आणि नजर घरातल्या भांड्यांवरून किंवा कपाटावरून फिरवू नये. मदत मागणाऱ्या बाईला आपली झडती चालली आहे हे लगेच कळते. तिने जे सांगितले ते सोसायटीच्या सभेत गरजेपुरते सांगावे आणि तिथेच सोडावे. आपल्या वसईत चर्चमधली मिस्सा सुटून माणसे फाटकापर्यंत पोचायच्या आत कुणाच्या घरी काय चालले आहे ते आळीभर झालेले असते, हे तुला नव्याने सांगायला नको. सभेत गुप्त थैली फिरते तीही याचसाठी, की कोणी किती टाकले हे शेजारच्यालाही कळू नये. देणाऱ्याला जी झाकली मूठ आपण देतो ती घेणाऱ्यालाही मिळाली पाहिजे.

पैशांच्या बाबतीत मात्र झाकपाक अजिबात नको. पावती त्याच दिवशी फाडावी, खर्च त्याच संध्याकाळी लिहावा आणि सोसायटीची रोकड घरच्या पाकिटात एक रात्रही ठेवू नये. सुट्ट्या पैशांची अडचण सांगून ‘नंतर टाकते’ म्हणणारी बाई प्रामाणिकच असते. संशय तरीही तिच्यावरच येतो. ज्या वसईत 1918 साली धर्मगुरू मॉन्सिन्योर मोनीस यांनी लोकांना जोडून सहकारी पतपेढी उभी केली आणि तिची पुढे बॅसिन कॅथॉलिक बँक झाली, तिथल्या मुलीला चोख वहीचे मोल मी काय पटवून देणार!

आता एक गोष्ट जरा स्पष्ट लिहिते. चर्च झाडणे, वेदी सजवणे, सणाचा स्वयंपाक, आजाऱ्यांची विचारपूस ही कामे बायकांकडे आपोआप येतात आणि खर्च ठरवणाऱ्या बैठकीत खुर्च्या आपोआप पुरुषांच्या होतात. याला धर्मशास्त्राचा आधार नाही, सवयीचा आहे. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या प्रापंचिकांविषयीच्या, म्हणजे धर्मगुरू वा धर्मभगिनी नसलेल्यांविषयीच्या, 1965 सालच्या आदेशात स्त्रियांचा सहभाग वाढला पाहिजे असे स्वच्छ लिहिले आहे, आणि 2021 पासून वाचक व वेदीसेवक ही पदेसुद्धा स्त्रियांना रीतसर खुली झाली आहेत. 1983 च्या धर्मसंहितेनुसार, म्हणजे चर्चच्या कायद्यानुसार, प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असलीच पाहिजे. धर्मग्रामाच्या एकूण कामाचा विचार करणारी पालकीय परिषद मात्र बिशपांनी ठरवले तरच असते, आणि तीही सल्ल्यापुरती. म्हणून परिषदेवर घेतले म्हणून हुरळून न जाता वित्त समितीत बायका किती, हे फादरांना नम्रपणे आणि लेखी विचार. त्याच संहितेत चर्चच्या विशेष सेवेला वाहून घेणाऱ्या प्रापंचिकांनी त्यासाठी योग्य शिक्षण घ्यावे असे सांगितले आहे आणि योग्य मोबदल्याचा त्यांचा हक्कही मान्य केला आहे. तू तो घेणार नाहीस हे मला ठाऊक आहे. परंतु जे सोडतो आहोत ते आपल्या हक्काचे होते, हे माहीत असलेली बाई राबवली जात नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी धर्मप्रांताचे प्रशिक्षण असेल तेव्हा रजा टाकून जा. मुलांपुढे अर्धवट तयारीने उभे राहण्याला नम्रता म्हणत नाहीत.

घरच्यांना दिलेली वेळ चर्चसाठी परस्पर मोडू नकोस, आणि मुदत संपली की पद सोड. पद सोडताना पुढची मुलगी तयार असली पाहिजे, तेव्हा पहिल्याच वर्षी एखादीला गृहभेटीला बरोबर नेऊ लाग.

सूत्रे घेताना रोकडवही, पासबुक, सभांचे इतिवृत्त आणि मदत मिळणाऱ्या कुटुंबांची यादी आधीच्या चिटणिसांसमोर तपासून दोघींच्या सह्या कर. त्या यादीतल्या ज्या घरांची छपरे गळतात त्यांच्याकडे मे महिन्यातच जाऊन ये. ताडपत्रीचा भाव पाऊस लागला की चढतो, आणि सोसायटीच्या सभेत मंजुरी मिळायला दोन आठवडे जातातच.

तुझी,
मावशी