वडील मनाने चांगले आहेत, तरी भाडेकरूचं आडनाव का विचारतात?

तुम्ही लिहिलंय की वडील कुणाच्याही अडीअडचणीला धावून जातात, पण फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न आडनावाचा. मी मानसशास्त्र शिकवते. भेदभाव करणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच, असं आपण धरून चालतो. तसं नसतं.

१९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग केले. ताजफेल पोलंडचे ज्यू, नाझींच्या हत्याकांडात त्यांचं कुटुंब गेलं होतं. पडद्यावरच्या ठिपक्यांचा अंदाज करायला लावून त्यांनी मुलांचे दोन गट पाडले. खरं तर कोण कुठे जाणार, हे निव्वळ योगायोगाने ठरलं होतं. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. मग त्यांना दोन अनोळखी मुलांमध्ये गुण वाटायला सांगितलं. एक आपल्या गटातला, एक दुसऱ्या गटातला. गुणांचे पैसे मिळणार होते, पण वाटणाऱ्याला स्वतःला त्यातलं काही नाही. गट चित्रांच्या आवडीवरून पाडलेल्या पुढच्या प्रयोगात एका तक्त्याच्या एका टोकाला आपल्या गटातल्याला ७ आणि दुसऱ्या गटातल्याला १, दुसऱ्या टोकाला आपल्या गटातल्याला १९ आणि दुसऱ्या गटातल्याला २५. मुलं ७ च्या बाजूला झुकली. आपल्या गटाला कमी मिळालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवं! हा तक्ता फळ्यावर लिहिला की वर्ग गप्प होतो.

पण जातीचं उत्तर इथे संपतं असं मला अजिबात वाटत नाही. ठिपक्यांचे गट तास संपला की विरतात. जात लग्नात, जमिनीत, वस्तीत मुरलेली आहे, आणि दार कुणी उघडायचं हे एकाच बाजूच्या हातात राहतं. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलून. २००७ साली आलेला निष्कर्ष असा, की दलित आणि मुस्लिम नावांना पुढचं बोलावणं येण्याची शक्यता कमी.

त्यात घरांच्या बाबतीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “मला काही नाही हो, पण सोसायटीत चालणार नाही.” शेजारीही हेच म्हणतो. प्रत्येकजण दुसऱ्याच्या पूर्वग्रहाचा आधार घेतो आणि कुणालाच स्वतःचा दिसत नाही. वडिलांना विचारून बघा, नक्की कुणाला चालणार नाही? नाव सांगा म्हणावं.

नुसत्या ओळखीने हे जातं का? त्या ओळखीत दोघांचा दर्जा समान हवा आणि काम एक हवं, असं मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. अर्थतज्ज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात तरुणांच्या क्रिकेट लीग भरवून ते तपासलं. एकाच संघात खेळलेल्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून समोर आलेल्यांबाबत तो फायदा दिसला नाही.

वडिलांशी वाद घालून फार काही हाती लागणार नाही. त्यापेक्षा भाडेकरू बघायला येण्याआधीच दोघांनी बसून कागदावर लिहा: भाडं किती, डिपॉझिट किती, करार किती महिन्यांचा, पोलीस पडताळणी कधी. पहिला फोन तुम्ही घ्या, आणि या अटी ज्याला मान्य असतील त्याला फ्लॅट दाखवा. आडनाव करारावर येईलच.