जेल चालतं, कॅप्सूल नको वाटते

प्रश्न : वय ५१. पाळी जाऊन दीड वर्ष झालं, पिशवी काढलेली नाही. रात्री तीन-चारदा अंगातून वाफा निघतात, गाऊन चिंब होतो. दोन महिन्यांपासून सकाळी दंडावर इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल चालू आहे. आंघोळीनंतर खोबरेल तेल लावते, त्यावर जेल. वाफा थोड्याच कमी झाल्या. कॅप्सूलने सकाळी डोकं जड राहतं, म्हणून आठवड्यातून तीनदा तरी चुकवते. आता कपड्यांवर रक्ताचे डाग दिसताहेत. शेजारच्या काकू म्हणतात, कॅन्सर होईल, बंद कर. काय करू?

उत्तर : मनाने काही बंद करू नका, आणि एकटी कॅप्सूल तर मुळीच चुकवू नका. ती झोपेची गोळी नव्हे. नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीचं आतलं अस्तर वाढत राहतं आणि त्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं. पिशवी काढलेल्या बाईला म्हणूनच सहसा नुसतं जेल पुरतं. कॅप्सूल जेवल्याबरोबर घेतली तर जास्त शोषली जाते, गुंगीही वाढते. जेवणानंतर दोन तासांनी, अंथरुणाला पाठ टेकताना घ्या.

पहिल्या तीन ते सहा महिन्यांत डाग पडू शकतात. पण तुमच्या कॅप्सूल चुकल्यात. किती, ते डॉक्टरांना याच आठवड्यात खरं सांगा. अस्तराची जाडी पाहायला सोनोग्राफी करावी का, ते त्यावरून ठरेल. रक्तस्राव वाढला तर वाट पाहू नका, लगेच दाखवा.

आता तेल. तेलकट कातडीत जेल नीट मुरत नाही. कोरड्या दंडावर आधी जेल पातळ पसरा, चोळू नका, पाच मिनिटं वाळू द्या, मग ब्लाउज. तासभर पाणी-तेल नको. स्तनांवर कधीच नाही. हात साबणाने धुवा. उघड्या दंडाने नातवंडाला कडेवर घेतलं तर औषध त्याच्या अंगाला लागतं.

काकूंच्या भीतीचं मूळ पाळी गेलेल्या बायकांना हार्मोन देऊन पाहिलेल्या, २००२ च्या अमेरिकेतल्या चाचणीत आहे. त्या बायकांचं सरासरी वय ६३, औषधंही वेगळी, तोंडाने घ्यायची. ही औषधं न घेणाऱ्यांपेक्षा दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे ८ रुग्ण जास्त आढळले. तुमचा धोका शून्य नाही, औषध घेण्याची वर्षं वाढतील तसा तोही वाढतो, म्हणून मॅमोग्राफी चुकवू नका. रक्ताच्या गुठळीची भीती मात्र इस्ट्रोजेनच्या गोळीपेक्षा जेलमध्ये कमी. स्वतःला स्तनाचा कॅन्सर किंवा पायात गुठळी झालेली असेल आणि ते सांगायचं राहिलं असेल, तर आजच सांगा.

तेलाची चूक सुधारून सहा आठवड्यांनीही गाऊन भिजत असेल, तर मात्रा बदलायला सांगा. ट्यूब अंदाजाने जास्त पिळू नका.