अ‍ॅरे फॉर्म्युल्याने सरासरी काढताना रिकामे सेल शून्य धरले जातात. ते कसे वगळायचे? आणि महिनावार सरासरी कशी काढायची?

रिकामा सेल म्हणजे शून्य नव्हे. हे आधीच सांगतो, कारण यावरून वरिष्ठांशी झालेला वाद अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मी शीतगृहाच्या तापमानाच्या नोंदी सांभाळायचो. महिन्याच्या ६० ओळी, ३० सकाळच्या नि ३० संध्याकाळच्या. मर्यादा २ ते ४ अंश. एका महिन्यात सकाळच्या १० नोंदी कुणी घेतल्याच नव्हत्या. उरलेल्या २० नोंदींची बेरीज ९०, म्हणजे सरासरी ४.५. अहवालात मात्र ३ आलं. नव्वदला तीसने भागलेलं!

मी वरिष्ठांसमोर एक्सेलमध्ये फॉर्म्युल्यातला इफचा भाग निवडून एफ९ दाबलं. आतला अ‍ॅरे उघडा पडला, म्हणजे एकेका सेलमधून आलेली मूल्यांची यादी दिसली: ४.६, फॉल्स, ०, फॉल्स, ०... नुसतं अ‍ॅव्हरेज रिकामे सेल आपणहून सोडतं, पण तीच रेंज इफमधून आली की रिकाम्या जागी शून्य बसतं. साहेब म्हणाले, "आकडा मर्यादेत आहे ना? आणि शून्य खटकत असतील तर शून्य वगळून काढ." हे तर आणखी चुकीचं. संध्याकाळच्या नोंदींत दोनदा खरोखरच शून्य अंश होतं. माल गोठायला आल्याची तीच तर खूण, आणि तीच पुसायची?

बरोबर फॉर्म्युला असा (बी स्तंभात सकाळ/संध्याकाळ, सी स्तंभात तापमान):

=अ‍ॅव्हरेज(इफ(बी२:बी६१="सकाळ",इफ(इझनंबर(सी२:सी६१),सी२:सी६१)))

जुन्या एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एंटर. अट न जुळलेल्या जागी फॉल्स येतं, ते अ‍ॅव्हरेज मोजत नाही. इझनंबर (सेलमध्ये आकडाच आहे का, ते पाहणारं) मुद्दाम घेतलंय. इझब्लँक घेतलं तर फॉर्म्युल्यातून आलेला रिकामा मजकूर "" त्याला रिकामा वाटत नाही. महिन्याची अट अशाच आणखी एका इफने आत घाला.

सरासरीशेजारी काउंट मात्र लावाच. ३० पैकी २० एवढं जरी तिथे दिसलं असतं, तरी तो अहवाल तसाच पुढे गेला नसता.

हो, अटी साध्या असतील तर अ‍ॅरेची गरजच नाही. एक्सेल २००७ पासून अटींनुसार सरासरी काढणारं अ‍ॅव्हरेजइफ्स आहे, ते रिकामे सेल स्वतःच सोडतं. एखाद्या महिन्यात एकही नोंद नसेल तर शून्याने भागल्याची एरर येईल. तिथे इफएरर लावून ० दाखवू नका, "नोंद नाही" असंच लिहा.