सायट्रेटची दोन टोकं सारखी नाहीत

क्रेब्ज चक्राचे (पेशी अन्नातून ऊर्जा मिळवते ती क्रियांची साखळी) बाण पाठ करण्याआधी त्यातल्या पहिल्या रेणूपाशी, सायट्रेटपाशी, थांब. कागदावर त्याचे दोन हात हुबेहूब सारखे दिसतात, पण अ‍ॅकोनिटेज हे एन्झाइम (क्रिया घडवणारं प्रथिन) ठरावीक हातावरच काम करतं. हे कळायच्या आधी कार्बनच्या समस्थानिकाची खूण चक्रातल्या पुढच्या रेणूच्या, अल्फा-कीटोग्लुटारेटच्या, एकाच कार्बॉक्सिलमध्ये (टोकाच्या आम्लगटात) सापडली. हात सारखे असतील तर ती दोन्हींकडे दिसायला हवी, म्हणून भल्याभल्यांनी सायट्रेटलाच चक्रातून बाद केलं होतं! १९४८ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ ऑगस्टननी दाखवलं की रेणू एन्झाइमला तीन ठिकाणी टेकला, तर दोन सारखे हात वेगळे ओळखता येतात.

पटत नसेल तर बटाट्यात चार काड्या एकमेकींपासून सारख्या दूर खोच, तिपाईच्या पायांसारख्या तीन खाली आणि एक वर. दोघींच्या टोकाला हरभरा, एकीला शेंगदाणा, एकीला मनुका. आता कागदावर हरभरा, शेंगदाणा, मनुका अशा तीन जागा आखून बटाटा टेकवून बघ. एकच हरभरा आपल्या जागी बसतो. मी हे उशिरा केलं, आधी नुसतं घोकलं.

सायट्रेट बनतं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटिल हे दोन तुकडे जुळून, आणि अ‍ॅकोनिटेज ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटकडून आलेल्या हातावरच काम करतं. म्हणूनच पहिल्या फेरीत कार्बन डायऑक्साइड म्हणून सुटणारे दोन्ही कार्बन ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटचे असतात, अ‍ॅसिटिलचे नव्हेत. गुण इथेच जातात.

चक्रातलंच पुढचं एन्झाइम, फ्युमरेज, सोपं आहे: फ्युमरेट या रेणूला पाणी जोडून मॅलेटच्या दोन आरसा-रूपांपैकी फक्त एल-मॅलेट देतं.