पिरॅमिडच्या दगडातील ‘मसूर’

प्रश्न : गिझाचे पिरॅमिड पाहताना तेथील दगडांत मसुरासारख्या गोल, चपट्या चकत्या खच्चून भरलेल्या दिसल्या. मजुरांच्या जेवणातील उरलेल्या मसुरांचाच दगड झाला, असे वाटाड्याने सांगितले. हे खरे आहे काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ही समजूत फार जुनी आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्राबो या ग्रीक भूगोलकाराने ती नोंदवून ठेवली आहे. प्रत्यक्षात या चकत्या म्हणजे नम्युलाइट नावाच्या एकपेशीय सागरी जीवांची कवचे होत. मसूर फोडला तर दोन डाळिंब्या निघतात. ही चकती मधोमध चिरली तर आत जिलबीसारखे वेढे आणि त्या वेढ्यांत पातळ पडद्यांनी पाडलेले असंख्य कप्पे दिसतात. एका पेशीने एवढे घर बांधावे, याचे मला आजही नवल वाटते.

इओसीन काळात, म्हणजे सुमारे 5.6 ते 3.4 कोटी वर्षांपूर्वी, आजच्या इजिप्तच्या उत्तर भागावर टेथिस या प्राचीन, आता नाहीशा झालेल्या समुद्राचे उबदार, उथळ पाणी पसरलेले होते. तेथे वाढलेले हे जीव मेल्यावर त्यांची कवचे तळाशी साचत गेली, वरच्या गाळाच्या भाराने दाबली गेली आणि मधल्या फटींत कॅल्साइट (चुनखडी ज्याची बनते ते खनिज) बसून त्यांची सलग चुनखडी झाली. त्यामुळे या खडकात जीवाश्म आहेत, एवढेच म्हणणे अपुरे ठरते. कित्येक थरांत खडकाचा बहुतांश भाग कवचांचाच असतो.

कॅल्साइट मऊ असल्याने, खनिजांच्या कठीणपणाच्या 1 ते 10 अशा मोसच्या श्रेणीत त्याचा क्रमांक 3 असल्याने, हा दगड तांब्याच्या छिन्नीनेही घडवता येत असे. पिरॅमिडचा गाभा जवळच्याच खाणींतील अशा दगडाचा आहे. बाहेरचा गुळगुळीत थर मात्र नाईलपलीकडच्या तुरा येथील बारीक पोताच्या चुनखडीचा होता. विरल हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकताच चुनखडी फसफसते, ही तिची सोपी ओळख. चुना आणि सिमेंट यांसाठी ती लागतेच. शिवाय नम्युलाइटांच्या जाती काळानुसार बदलत गेल्यामुळे थरांचे वय त्यांवरून ठरवता येते, आणि ट्युनिशियात अशाच चुनखडीत खनिज तेल सापडले आहे.

आपला सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाचा असल्याने त्यात या चकत्या शोधू नयेत. त्यासाठी कच्छ गाठावे. तेथील इओसीन चुनखडी झिजून सुट्या झालेल्या चकत्या जमिनीवर विखुरलेल्या आढळतात.